चालवून दाखवा

"टाच आंगठ्याला लागली न्हाई. परत."

रतनबाईने असं म्हटलं आणि बिभीषण मुकाट्याने मागे फिरला. अंगणात गोठ्याच्या खांबापासून तुळशीच्या कट्ट्यापर्यंत तिने कासरा सरळ ताणून जमिनीवर टाकला होता. त्या कासऱ्यावरून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला भिडवत दहा पावलं चालायचं, कशालाही धरायचं नाही, अशी ती कसरत. चार पावलं झकास पडली. पाचव्याला कंबर एकीकडे गेली आणि बिभीषण दुसरीकडे. रतनबाईने पुढे होऊन दंड धरला, नवऱ्याला नीट उभं केलं आणि पुन्हा म्हणाली, "परत."

डेअरीला दूध घालायला निघालेला वस्तीवरचा एक जण मोटारसायकल थांबवून हा तमाशा बघत होता.

"काय बिभीषणराव, सर्कशीत नाव घातलं का काय?"

"व्हय," बिभीषण म्हणाला. "इदूषक शोधायलोय. येतो का?"

जीभ जड झाल्यापासून त्याचे शब्द एकमेकांना चिकटत, त्यामुळे तो बोलायचाच कमी. पण टोमण्याला टोमणा द्यायची सवय काही सुटली नव्हती. दूधवाला हसत निघून गेला. रतनबाईला मात्र हसायला सवड नव्हती. तिने आपलं बोट हवेत धरलं. त्याने त्या बोटाला बोट लावायचं, मग स्वतःच्या नाकाला, पुन्हा तिच्या बोटाला. मग मांडीवर हात पालथा-उताणा करायचा, भराभर. मग एक लांबलचक वाक्य न अडखळता म्हणायचं. मास्तरीण असती तर रतनबाईने पोरं फोडून काढली असती, इतकी ती कडक होती. पण तिचाही इलाज नव्हता. तपासणी पंधरा दिवसांवर आली होती आणि यंदाही आकडा नऊच यायला हवा होता.

बिभीषणला जो आजार होता तो त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, माणसाचा तोल त्याच्या हातात. तो हळूहळू वाळत जातो. आधी चाल बिघडते, मग हात, मग जीभ, आणि शेवटी घास गिळता येत नाही. बापाला असला तर पोराला येईलच असं नाही, पण येण्याचा आणि न येण्याचा संभव सारखाच. हे सगळं त्याला फार उशिरा कळलं. त्याआधी गावाला एवढंच ठाऊक होतं की ह्या घरातले पुरुष पितात. बिभीषणच्या बापाने, आबाने, जन्मात दारूचा थेंब तोंडात घातला नव्हता. तरी तो झोकांड्या खायचा, बोबडं बोलायचा, आणि मेला तेव्हा तिरडीमागे चालणारा एक जण दुसऱ्याला म्हणाला होता, "सुटला बिचारा दारूतून." ते बिभीषणने ऐकलं होतं. चाळीस वर्षं झाली, तरी ते वाक्य त्याच्या काळजातून गेलं नव्हतं.

बिभीषण बैलांचा दलाल. तिसगावचा बाजार म्हणू नका, घोडेगावचा म्हणू नका, जनावराच्या बाजारात त्याला मान होता. त्याची नजर अशी की लांबून येणारा बैल नुसता चालताना बघून तो सांगायचा, ह्याचा मागला डावा खूर दुखतोय, ह्याला उन्हाळ्यात पाठीवर ओझं झालंय, हा गाडीला चालेल पण औताला नाही. घेणारा नेहमी म्हणतो, "चालवून दाखवा." आणि खरी दलाली तिथे असते. लंगडणारं जनावर चालवून दाखवायचं असेल तर मऊ मातीत चालवायचं, कडक रस्त्यावर नाही. भराभर चालवायचं. थांबवायचं नाही, कारण थांबलं की खोड दिसते. वळवायचं ते चांगल्या पायाच्या अंगाला. बिभीषणने अशी कितीतरी जनावरं खपवली होती. ह्यात पाप आहे असं त्याला कधी वाटलं नाही. घेणाऱ्याला देवाने डोळे दिलेत, असं तो म्हणायचा.

बाजारात सौदा बोलून होत नाही. दोघे दलाल एका टॉवेलाखाली हात घालतात, आणि कोणती बोटं किती दाबली त्यावरून भाव ठरतो. भोवतीच्या माणसांना पत्ता लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी आदिनाथ नावाच्या जुन्या जोडीदाराबरोबर सौदा करताना बिभीषणने तीन बोटं दाबली आणि चौथं आपोआप दाबलं गेलं. आदिनाथने मान डोलावली. बिभीषण म्हणाला, न्हाई, मी तीनच दाबली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. आदिनाथने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि चारचौघांत म्हणाला, "पिऊन आला असशील तर घरी जा." त्यानंतर बिभीषणच्या टॉवेलाखाली कुणी हात घालीना. दोन-तीन बाजार तो नुसता उभा राहून आला, मग जायचं सोडलं. घरची चार एकर जिराईत होती, रतनबाई खंबीर होती, म्हणून घर चाललं.

पुढे नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नाव कळलं आजाराचं, आणि तिथेच डॉक्टर यशोधरा भेटल्या. पुण्याहून यायच्या. वयाने लहान, बारीक अंगाच्या, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "काका, ह्याच्यावर आज औषध नाही. मी तुम्हाला औषध देणार नाहीये. मला फक्त दर सहा महिन्यांनी मोजायचंय की हा आजार किती वेगाने वाढतो. अशा शंभर घरांचं मोजलं की पुढे कुणीतरी औषध काढेल, तेव्हा ते लागू पडतं की नाही हे कळेल. तुम्हाला ह्यात फायदा नाही. यायचं की नाही हे तुम्ही ठरवा."

बिभीषणने सही केली होती. आबाला लोक दारुडा म्हणाले. कागदावर कुणीतरी ह्या आजाराचं खरं नाव लिहून घेतंय, एवढंच त्याला पुरेसं होतं. पहिल्या तपासणीत आकडा नऊ आला. शून्य म्हणजे धडधाकट, चाळीस म्हणजे अंथरूण. दुसऱ्या खेपेला साडेदहा.

त्या दिवशी मोटारसायकलवरून त्याला नगरला नेलं होतं त्याच्या पोराने, कल्याणने. कल्याण एकुलता एक. वायरमनचं काम शिकलेला, हाताचा चलाख. येताना त्याने विचारलं, "तात्या, किती आलं?" बिभीषणने खरं ते सांगितलं. कल्याणने गाडीचा वेग वाढवला. घरी आल्यावर जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आईला एवढंच म्हणाला, "सहा म्हैन्यात दीड. म्हंजे वरसाला तीन. हिशेब करून ठेव माझा."

मग तिसऱ्या तपासणीच्या आधी बिभीषणने अंगणात कासरा टाकला. जनावर चालवून दाखवायची कला त्याच्याइतकी कुणाला येत होती? कंबर उपरण्याने घट्ट आवळायची. आदल्या दिवशी पूर्ण झोप. चालायला लागलं की थांबायचं नाही. महिनाभर रोज सकाळी कल्याण कामावर गेला की रतनबाईने त्याच्याकडून घोटून घेतलं. आकडा आला नऊ. कल्याण त्या रात्री चार भाकरी जेवला. झालं. तेव्हापासून सहा महिन्यांनी नऊ, पुन्हा साडेनऊ, पुन्हा नऊ. मधले पाच-पाच महिने बिभीषण भिंत धरून चालत होता, पण ते मोजायला कुणी येत नव्हतं. आणि कल्याण दिवसभर कामावर असायचा. घरी आला की बिभीषण बाजेवर बसलेला असायचा.

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कल्याणला आत बोलावून लॅपटॉपवर एक चित्र दाखवलं होतं. इतरांच्या रेषा डोंगरासारख्या वर चढत गेलेल्या, आणि बिभीषणची आडवी, सपाट. "हे फार वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात कदाचित हा आजार हळू चालतो. का, ते मला शोधायचंय." त्यांनी बिभीषणचं रक्त जास्तीचं काढून घेतलं. कल्याणने मोबाईलवर त्या रेषेचा फोटो काढला. परतीच्या वाटेवर तो गाणं गुणगुणत होता. बिभीषण मागे बसून ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, जन्मात केलेल्या सगळ्या सौद्यांत हा एक सौदा चोख झाला.

तर असं सगळं चाललेलं असताना ती संध्याकाळ आली.

बिभीषण बांधावर बसला होता. ऊन उतरलं होतं. समोरच्या नांगरटीतून एक माणूस खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन येत होता. उजेड त्याच्या पाठीमागे होता, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं, नुसती चाल दिसत होती. बिभीषणची नजर सवयीने त्याच्या पायांवर गेली. डावा पाय बाहेर टाकतोय. उजव्यावर भार देतोय. ढेकळावर पाऊल पडायच्या आधी जरा थबकतोय. सुरुवात आहे, वर्ष-दोन वर्षांची असेल. असं तो मनाशी बोलून गेला आणि मग माणूस जवळ आला. तो कल्याण होता.

बाजाराच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या जनावराची खोड सांगणारा तो, आणि घरात समोर वावरणाऱ्या पोराच्या पायाकडे त्याने दोन वर्षांत धड बघितलं नव्हतं. बघायचं टाळलं होतं, हे त्याला त्या क्षणी कबूल करावं लागलं.

"तात्या, हुकूम आला," कल्याण भेंडोळं खाली टाकत म्हणाला. तो खुशीत होता. "पवनचक्कीवर. पुढल्या म्हैन्याच्या पंधरा तारखेला हजर व्हायचंय."

"करायचं काय आसतं?"

"वर चढून बिघाड काढायचा. ऐंशी मीटर. आतून शिडी असती, पट्टा असतो कमरेला. वरून म्हनं पार मोहट्याचा डोंगर दिसतो."

"डाक्टरनी तपासलं का न्हाई तुला?"

"तपासलं की. डोळं, बीपी. सगळं ओके."

"भ्या वाटत न्हाई?"

"कशाचं?" कल्याण हसला. "तुमची रेष बघितली न्हाई का? नऊ वरसं झाली तुमाला, आजून कासऱ्यासारखी सरळ. मला समजा झालंच, तरी म्हातारा हुईस्तोवर चालतंय. तवर काम करून घ्यावं. घरात बसून काय देव भेटनार हाय?"

"आन पायाला काय झालंय तुज्या?"

कल्याणचं हसू जरा आखडलं. "चप्पल नवी हाय," तो म्हणाला आणि भेंडोळं उचलून घराकडे गेला. नऊ वर्षांपूर्वी रतनबाईने हेच विचारलं होतं आणि बिभीषणने हेच उत्तर दिलं होतं.

रतनबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. बिभीषण दाराची चौकट धरत आत आला आणि पाटावर टेकला.

"कल्याणचा पाय बघितला का?"

थापायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"बघितला."

"कवा?"

"पोळ्याला. बैलाम्होरं नाचत हुता तवा."

"आन बोलली न्हाईस?"

"तुमी तरी कुटं बोललात?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "मला वाटलं तुमाला दिसलंच आसंल. तुमाला दिसत न्हाई आसं काय हाय का."

भाकरीला फोड आला, तिने ती उलटली.

"आवंदा मी कासरा टाकनार न्हाई," बिभीषण म्हणाला. "जसं हाय तसं चालनार. आन त्याच्याम्होरं चालनार."

रतनबाईने वळून बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज करडा होता. "कशापायी? चार दिस पोरगं हसतंय, ते बगवत न्हाई व्हय तुमाला? जे हुयाचंय ते हुईलच. तवर तरी सुखात ऱ्हाऊ द्या."

"ऐंशी मीटरवर चडनार हाय ते, रतन. माज्या रेषेच्या भरवशावर."

"पट्टा आसतो म्हनतंय."

"मी जनावरं इकली," बिभीषण म्हणाला. शब्द अडकत होते, तो एकेक सोडवून बोलत होता. "खोड झाकून इकली. घेनाऱ्याचं काय झालं ते बघाया कदी गेलो न्हाई. उतारावर गाडी उलटली आसंल कुनाची. मला काय ठावं? पर हे पोरगं आपलं हाय."

"म्हनून तर म्हनते."

"म्हनून तर मी बी म्हनतो."

रतनबाई पदराने तोंड झाकून रडली. त्या भाकरीचा कोळसा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने ती कासरा घेऊन अंगणात आली, पण बिभीषण बाजेवरून उठला नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि कासरा गुंडाळून आत घेऊन गेली.

तपासणीच्या दिवशी कल्याणने त्याला नगरला नेलं. दवाखान्यातली ती खोली वरच्या मजल्यावर होती. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली, एका बाजूला बाक, समोर तिवईवर कॅमेरा. दर वेळी तपासणीपुरता कल्याण बापाला दारापर्यंत सोडून खाली चहाला जायचा.

"आज आत ये," बिभीषण म्हणाला.

"मी कशाला?"

"ये म्हनलं ना."

डॉक्टर यशोधरांनी नेहमीसारखं स्वागत केलं, रतनबाईची चौकशी केली, कॅमेरा सुरू केला. "चला काका, आधी चालून दाखवा."

बिभीषण पट्टीच्या टोकाशी उभा राहिला. कमरेला उपरणं नव्हतं. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला पट्टी त्याच्या पायाखालून निघून गेली. तो गुडघ्यावर आदळला. कल्याण धावला.

"लांब ऱ्हा," बिभीषण जमिनीवरूनच म्हणाला. "हात लावू नगं. बग फकस्त."

"काका, राहू द्या," डॉक्टर पुढे आल्या. "आज तुम्हाला बरं नाहीये. आपण दुसरी तारीख घेऊ."

"बरं हाय. दहा पावलं आसत्यात न्हवं? सात ऱ्हायल्यात."

तो भिंतीला धरून उठला, भिंत सोडली आणि उरलेली सात पावलं चालला. एकही सरळ पडलं नाही. दोनदा तो पट्टीवरून पार बाजूला गेला, दोनदा डॉक्टरांनी हात पुढे केला आणि त्याने मानेनेच नको म्हटलं. मग नाकाला बोट लावायचं होतं. बोट गालावर गेलं, मग डोळ्याच्या कोपऱ्यात. मग वाक्य. ते अर्ध्यावर घोगरं होऊन बंद पडलं. कल्याण दाराला पाठ लावून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चाललेला बिभीषणला दिसत होता. पडताना लागलं नव्हतं एवढं त्याला ते लागत होतं, पण तो थांबला नाही.

डॉक्टरांनी बेरीज केली. दोनदा केली.

"अठरा," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांपूर्वी नऊ होते. काका, पडला होतात का मध्ये? डोक्याला मार? ताप?"

"काय न्हाई झालं. त्ये नऊ खोटं हुतं."

मग त्याने सांगितलं. अंगणातला कासरा, महिनाभराची तयारी, आवळलेली कंबर, सगळं. सांगायला वेळ लागला, आणि डॉक्टर नेहमीसारख्या तो बोलून संपेपर्यंत थांबल्या.

"तुमची रेष मी मोठमोठ्या लोकांपुढे दाखवली," त्या अखेरीस म्हणाल्या. "ह्या घरात काहीतरी वेगळं आहे, ते सापडलं तर औषधाचा रस्ता मिळेल, असं सांगितलं. सहा महिने मी तेच शोधतेय, काका." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांना लागलं होतं हे कळत होतं. "त्या सगळ्या नोंदींपुढे आता मला लिहावं लागेल की ह्या धरू नयेत. का केलंत असं?"

"मला वाटलं, मी तुमाला फशिवतोय. तुमी शिकलेल्या, तुमाला काय फरक पडतोय." बिभीषणने कल्याणकडे बघितलं. "गिऱ्हाईक माजंच पोरगं निगालं."

कल्याणने विचारलं, "म्हंजे ती रेष..."

"न्हाई तशी, लेकरा. तुजा त्या दिवशीचा हिशेबच खराय."

कल्याण बाहेर गेला. बिभीषणने त्याला थांबवलं नाही. काचेच्या दारातून तो व्हरांड्यात कठड्याला दोन्ही हात टेकून उभा असलेला दिसत होता. डॉक्टरांनी बिभीषणचा गुडघा बघितला, पुसून त्यावर पट्टी बांधली. बांधता बांधता म्हणाल्या, "चूक माझीही आहे. दर वेळी तुम्ही महिनाभर आधी फोन करून तारीख पक्की करायचात. मला वाटायचं, किती मनापासून येतात."

"मला काडनार का आता हितून?"

"नाही काढणार. पण इथून पुढे जसं असेल तसंच यायचं."

"तसंच येतो," बिभीषण म्हणाला. "उचलून आनलं तरी येतो."

कल्याण परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो बाकाच्या टोकाला बसला आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"मला बी मोजा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला लगेच पट्टीजवळ जाऊ दिलं नाही. कागदाची चार पानं त्यांनी त्याला वाचून दाखवली, सावकाश, समजावत. औषध मिळणार नाही. मनात नसेल तर कधीही सोडता येईल. रक्ताचा निकाल त्याने मागितल्याशिवाय त्याला सांगितला जाणार नाही. "आजच हवं असं नाही," त्या तीनदा म्हणाल्या. "घरी जा, आईशी बोला." कल्याणने सगळं ऐकून घेतलं आणि सही केली.

मग तो अनवाणी पायांनी पट्टीवर उभा राहिला. सत्तावीस वर्षांचा, उंच, खांद्याने रुंद. कुणीही म्हणालं असतं, ह्याला काय धाड भरलीय. बिभीषणला वाटलं, खिडकीबाहेर बघावं. दोन वर्षं तो तेच करत आला होता. पण त्याने दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले आणि पोराच्या पायांवरून नजर काढली नाही.

पहिलं पाऊल नीट पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला डावी टाच केसभर बाहेर गेली. डॉक्टर अजून सरळ चेहऱ्याने बघत होत्या. सहाव्याला कल्याणचा हात आपोआप बाजूला गेला, हवेत काहीतरी धरायला, तेव्हा त्यांच्या पेनाची हालचाल झाली. बाकीची पावलं त्याने दात आवळून टाकली. दहा झाली तसा तो वळला. डॉक्टरांकडे न बघता त्याने बापाकडे बघितलं.

"दिसलं का?"

आयुष्यभर बिभीषणने हजार वेळा ह्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, बिनखोड हाय, डोळं झाकून घ्या. तेच उत्तर आताही त्याच्या ओठापर्यंत आलं. ते त्याने गिळलं.

"दिसलं," तो म्हणाला. "तिसऱ्या पावलाला."

कल्याणने मान हलवली. "मंग शिडी न्हाई."

"न्हाई."

कल्याण बूट घालायचे सोडून नुसता उभा राहिला. बिभीषण दुखरा गुडघा धरून बाकावर जरा सरकला आणि त्याने पोराला बसायला जागा केली.